धुळ्याचं धुण्याचं यंत्र

केळीच्या चिकाचा डाग निघतो, असं जळगाव जिल्ह्यात आजवर एकाच माणसाने छातीठोकपणे सांगितलं आहे, आणि तो म्हणजे जीवराम बऱ्हाटे.

रावेर-सावद्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. घड कापताना चीक उडाला की कापड काळं पडतं, आणि मग कापड फाटेल पण डाग जाणार नाही. जीवराम स्वतः त्याच मुलखातला. पण सरकारी कचेरीत आवक-जावकीच्या बारनिशीला चिकटल्यापासून आणि जळगावात मेहरूणला घर केल्यापासून त्याचा विज्ञानावर भारी विश्वास बसला होता. "हात चालतो वर-खाली, मशीन चालतं गोल. गोल फिरणाऱ्यापुढे डाग टिकत नाही," असं तो कचेरीत चहा पिताना सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे, कारण चहा तो पाजत असे.

मोडकी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने दुरुस्त केलेला टेबलफॅन हवा मागच्या बाजूला टाकायचा, म्हणून बऱ्हाट्यांच्या घरी उन्हाळ्यात सगळे पंख्याच्या पाठीमागे बसत. पाहुणे आले की बायको लताबाई पाट उचलून गुपचूप पंख्यामागे मांडायची.

एकोणनव्वद सालची गोष्ट. जीवराम कचेरीच्या कामाने धुळ्याला गेला आणि भाईदासला भेटायला वाकडी वाट करून गेला. भाईदास हा त्याचा जुना मित्र, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगची राखण करायचा. जुन्या मॅनेजरच्या बंगल्यामागे, पडवीत, जीवरामला ते दिसलं. चार पायांवर उभं पांढरं पिंप, पायांना चाकं, पोटात पंख्यासारखं पातं आणि डोक्यावर रबराची दोन लाटणी, एकावर एक. उसाच्या चरकात ऊस घालतात तसं ओलं कापड त्यात घालायचं, म्हणजे पलीकडून पिळून बाहेर. जीवरामने असं चित्र एका जुन्या मासिकात पाहिलं होतं. तो झाकण उचलायला धावला.

"हात नको घालू," भाईदास म्हणाला. "कोंबडी बठेल शे."

"भाईदास, हे काय आहे माहीत आहे का तुला?"

"खुराडं शे."

"अरे, कपडे धुण्याचं यंत्र आहे हे. विलायती."

"व्हई," भाईदास शांतपणे म्हणाला. "पण इतला वरीसमा यामाईन फक्त अंडाच निंघनात."

मालकाला विचारून, कोंबडीची दुसरीकडे सोय लावून, यंत्र एसटीच्या टपावर चढलं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा खाली चहा प्यायला उतरलेल्या लोकांनी विचारलं, "टपावर काय आहे हो ते?" जीवरामने इतकं सविस्तर सांगितलं की कंडक्टरला दोनदा घंटी द्यावी लागली.

पुढचा महिनाभर बऱ्हाट्यांच्या अंगणात रॉकेलचा वास होता. जीवरामने गंज घासला, पिंपाला पांढरा रंग दिला. आतली मोटर जाम झाली होती, तर एका बंद पडलेल्या मिरची कांडपाची मोटर आणून बसवली. लाटण्यांचं रबर तडकलं होतं, तर त्यावर सायकलची ट्यूब कापून ताणून चढवली. बटण गायब होतं. त्यावर त्याने तोडगा काढला की वायर सरळ भिंतीतल्या प्लगला लावायची. चालू करायचं तर खोचायचं, बंद करायचं तर उपसायचं.

लताबाई ओट्यावरून बघत होती. "दोन माणसांचे कपडे आपले," ती एकदा म्हणाली. "पण तुमचं चालू द्या. फक्त आबा येतील त्या दिवशी हे झाकून ठेवा."

आबा म्हणजे तिचे वडील, कौतिक भंगाळे. सावद्याजवळ त्यांची केळीची बाग. उंच, ताठ, कमी बोलणारा माणूस. लेकीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, पण जुन्या वळणाचा माणूस, लेकीच्या घरी जेवायचा नाही, नुसतं पाणी पिऊन परत जायचा. त्या हिवाळ्यात मात्र जळगावला केळी बागायतदारांचा मेळावा भरणार होता आणि तिथे दुपारी चारला आबांचा सत्कार होता. त्यांनी निरोप पाठवला, "सकाळीच येतो. जेवीन." लताबाईने तो निरोप पुनःपुन्हा सांगायला लावला. मेळाव्याच्या दिवशी सकाळी उठून तिने वांगी भाजायला घेतली.

आबा आले ते केळीच्या ट्रकमधून, दुसरं वाहन मिळालं नाही म्हणून. सत्काराला घालायचं म्हणून घडी मोडून नेसलेलं शुभ्र धोतर, आणि त्याच्या गुडघ्यावर तळहाताएवढा काळा डाग.

"पाण्याचा हात फिरवून देते, आबा," लताबाई म्हणाली. "निऱ्यांत घेतला की दिसणार नाही."

"राहू दे. उपरणं पुढे घेईन," आबा म्हणाले.

इथे जीवरामने गप्प बसायला हवं होतं. तो अंगणात गेला आणि त्याने यंत्रावरची चादर ओढली.

"जीवरामराव," आबा म्हणाले, "हा डाग निघत नाही."

"आबा, हा शब्द तुम्ही दुपारच्या आत मागे घ्याल."

लताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. पण वडिलांसमोर नवऱ्याला नाही कसं म्हणणार? आबांनाही लेकीच्या घरात जावयाचा शब्द मोडवेना. ते आत गेले आणि जीवरामचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून बाहेर आले. तो त्यांना पोटरीपर्यंतच पोचत होता. धोतर पिंपात गेलं.

शेजारच्या पुष्पाबाई भिंतीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या. जीवरामने त्यांना उद्देशूनच चार शब्द बोलून प्लग खोचला.

मोटर कांडपावर वर्षानुवर्षं राबलेली. तिच्या पोटात किती मिरची साठली होती ते तिलाच ठाऊक. सुरू होताच तिने ती सगळी एका दमात बाहेर फुंकली. लाल ढग अंगणभर पसरला. जीवराम शिंकला, लताबाई शिंकली, भिंतीपलीकडून पुष्पाबाई शिंकल्या. मिरच्या कांडायच्या वेगाने पिंपातलं पातं गरगरू लागलं. चाकांना अडसर घालायचं जीवराम विसरला होता, तेव्हा यंत्र डुगडुगत अंगणातून फाटकाकडे निघालं.

डोळे मिटलेल्या अवस्थेतही जीवरामला वाटलं की धुणं झालं, आता पिळावं. त्याने चाचपडत धोतराचं एक टोक लाटण्यांत दिलं. टोक पलीकडून बाहेर यायला हवं होतं. ते लाटण्याभोवतीच गुंडाळलं गेलं, आणि मागोमाग अख्खं धोतर सरसर आत ओढलं जाऊ लागलं.

आबांनी ते पाहिलं. धोतर त्यांच्या बायकोने हयातीत घेऊन ठेवलेलं होतं. ते पुढे झाले आणि त्यांनी दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"सोड," ते यंत्राला म्हणाले. "सोड म्हणतो ना."

यंत्राने सोडलं नाही, आबांनीही सोडलं नाही. यंत्र फाटकाकडे आणि पायजम्यातले आबा यंत्राकडे, असे दोघे निघाले. पुष्पाबाईंनी चुरचुरत्या डोळ्यांनी एवढंच पाहिलं की म्हातारा माणूस हातापासून आत ओढला जातो आहे. त्या भिंतीपासून मागे फिरल्या आणि गल्लीत धावत सुटल्या. पुढे काय झालं ते पाहायला थांबल्या नाहीत.

पुढे एवढंच झालं की लताबाईने पदराने नाक दाबून प्लग उपसला. धोतराचे तीन तुकडे निघाले. सायकलच्या ट्यूबचे काळे पट्टे टोकापासून टोकापर्यंत उमटले होते. केळीचा डाग मधल्या तुकड्यावर होता तिथेच होता.

तीन तुकडे आबांनी एकावर एक ठेवून घडी घातली. लताबाईने ती त्यांच्या हातातून घेतली, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर जीवरामला सोपं गेलं असतं. तिचे डोळे मिरचीने लाल झाले होते की आणखी कशाने, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

"मी धोतर आणतो," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

कापड बाजाराला त्या दिवशी नेमकी साप्ताहिक सुट्टी. एका दुकानदाराच्या घरी जाऊन त्याने हात जोडले. दुकानदार म्हणाला, "सुट्टी म्हणजे सुट्टी. उद्या या." मग जीवराम मेहरूणला परतून दारोदार फिरू लागला. ज्याच्या त्याच्या अंगात पँट नाहीतर पायजमा. प्रत्येक दारात काय झालं ते सांगावं लागे, आणि प्रत्येक दारात ते सांगताना त्याचा आवाज आणखी बारीक होई.

पुढच्या गल्लीत वनाभाऊ राहायचे, निवृत्त मास्तर. ते धोतर नेसत, हे आठवून जीवरामने कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं, त्याला पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"ऐकलं मी. कधी झालं?"

बातमी इथवर आली म्हणून जीवरामची मान आणखी खाली गेली. "तासाभरापूर्वी. माझीच चूक, वनाभाऊ. मीच चालू केलं होतं."

"मनाला लावून घेऊ नको."

"तीन तुकडे झाले हो."

वनाभाऊ मटकन उंबऱ्यावर बसले.

"काळे पट्टे उमटले सगळीकडे," जीवराम म्हणाला. "आता मला पांढरं धोतर हवंय. चारला न्यायचंय त्यांना."

"लागणारच," वनाभाऊ कसेबसे म्हणाले. "पण माझं नेसलेलं कसं चालेल? त्याला कोरंच पाहिजे. तू घरी जा, लताजवळ थांब. आम्ही बघतो."

माणूस किती भला, असं म्हणत जीवराम घराकडे वळला.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला रडणं ऐकू आलं. अंगणात माणसं जमली होती, बायका ओट्याला टेकून बसल्या होत्या, आणि फाटकाशी अडकलेल्या यंत्राकडे लोक लांबूनच पाहत होते. पुष्पाबाईंनी पहिल्या घरी सांगितलं होतं, लताचे वडील मशीनमध्ये गेले. चौथ्या घरी पोचेपर्यंत त्यातलं मशीन गळलं आणि 'गेले' तेवढं उरलं. पण हे जीवरामला कुठे ठाऊक? त्याच्या हातून सायकल पडली. झटका बसला असेल, म्हातारं काळीज, आपण धोतर शोधत फिरत होतो आणि इकडे... तो गर्दीतून वाट काढत आत गेला.

आत आबा पाटावर बसून भरीत-भाकरी खात होते.

"बसा," ते म्हणाले. "बाहेर काय गोंधळ चालू राह्यला?"

लताबाई तव्याशी होती. तिला वाटलं होतं की लोक यंत्र बघायला जमलेत आणि मिरचीने नाकं ओढताहेत, म्हणून शरमेने तिने दार लोटून घेतलं होतं.

तेवढ्यात ते दार ढकलून एक म्हातारा आत आला. काखेत कोऱ्या कापडाची घडी, डोळे सुजलेले. आबांचे धाकटे भाऊ निंबा. बागेच्या विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून भांडण झालं आणि निंबानाना जळगावला येऊन राहिले, त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बातमी कानी येताच वनाभाऊंनी त्यांच्याकडे माणूस धाडला होता.

निंबानानांनी पायजम्यातल्या भावाकडे पाहिलं. भावाच्या हातात घास तसाच राहिला.

"काय आणलं?" आबांनी विचारलं.

"धोतर."

"कोणाले?"

निंबानानांनी घडी पाठीमागे नेली.

"इतकी वर्षं दारात आला नाही," आबा म्हणाले. "आज मी मेलो म्हणून आला?"

"हो," निंबानाना म्हणाले आणि लहान पोरासारखे रडू लागले. "मले वाटलं, बोलायचं राहूनच गेलं आता."

आबांनी डाव्या हाताने शेजारचा पाट ओढला. "लता, तुह्या काकाले वाढ. भरीत थंड होऊ राह्यलं."

जीवरामला कुठे बघावं कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "पण नाना, दुकानं तर बंद आहेत."

"मयताचं म्हटलं तं त्यानं अर्धं शटर उचललं," निंबानाना डोळे पुसत म्हणाले.

आबांनी हात धुतला, घडी उलगडली, काठ बोटांत धरून पाहिला. "चांगलं आहे. कडक आहे थोडं. चारपर्यंत नरम पडेल." आणि ते नेसायला आतल्या खोलीत गेले. मयताला आलेल्या मंडळींना जीवरामने अंगणात उभं राहून एकेकाला खुलासा केला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लोकांनी 'बरं झालं बुवा' म्हटलं, आणि जाता जाता यंत्राला वळसा घालून गेले. वनाभाऊ तर त्याच्याकडे न बघताच गेले.

चारला मेळाव्यात आबा व्यासपीठावर बसले, मयताच्या कापडात, ताठ. समोरच्या रांगेत निंबानाना. जीवराम आणि लताबाई शेवटच्या रांगेत, खांबाआड. शाल, नारळ, टाळ्या झाल्या. लताबाईने टाळ्या वाजवल्या आणि हळूच नाक पुसलं. जीवरामला त्या टाळ्यांत सामील व्हायचीही लाज वाटली. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला.

कार्यक्रम सुटल्यावर फैजपूरकडचे एक अनोळखी गृहस्थ गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आले. बातमी तोवर सभागृहभर फिरली होती.

"कौतिकभाऊंचे ते मशीनवाले जावई तुम्हीच का हो?"

"नाही," जीवराम म्हणाला. "ते आज आले नाहीत."

गृहस्थ निघून गेले. लताबाई शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बरं झालं आले नाहीत ते," ती म्हणाली आणि आबांकडे चालू लागली.