गोंडलच्या पुढचं बेसणं

गोंडल मागे पडलं आणि हरजीवनभाईंच्या गाडीने वाफ सोडली. हरजीवनभाई त्या वेळी मागच्या सीटवर, बहिणीच्या मांडीवर, चंदनाचा हार घालून होते. म्हणजे त्यांचा फोटो होता. ते स्वतः मागच्या आठवड्यात राजकोटच्या इस्पितळात, डॉक्टरांची चूक डॉक्टरांना दाखवता दाखवता वारले होते.

"थांबव रे," मागून रंभाफई, किरीटची आत्या, म्हणाली. "काच तापलीय. तुझ्या बापाला चटके बसतायत."

किरीटने गाडी रस्त्याकडेच्या लिंबाखाली घेतली आणि बॉनेट उघडलं. रेडिएटरजवळून पाण्याची बारीक धार उडत होती. त्याला गाडीतलं एवढंच कळायचं की पाणी आत असावं लागतं. ही गाडी बापाची. बाप असताना तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती, आणि बाप गेल्यावर तीही निघायच्या तयारीत दिसत होती.

"अहो, पोचू ना आपण?" त्याची बायको दक्षा म्हणाली.

जेतपूरला ज्ञातीच्या वाडीत, म्हणजे समाजाच्या कार्यालयात, चार ते सहा बेसणं होतं. बेसण्याला लोक येतात, फोटोपुढे हात जोडतात, घरच्यांसमोर थोडा वेळ मुकाट बसतात आणि उठून जातात. करायचं एवढंच असतं, पण माणूस आयुष्यभर कसा वागला त्याचा निकाल गाव त्या दोन तासांत लावतं. कोणाकडे सभामंडप अपुरा पडला आणि कोणाकडे सतरंज्या मोकळ्या राहिल्या हे वर्षानुवर्षं बोललं जातं. आणि किरीटला नेमकी हीच धास्ती होती. त्याच्या बापाच्या बेसण्याला कोणी येणार नाही, याची त्याला जवळजवळ खात्री होती, आणि वाटेत तो ते फईला बोललाही होता.

हरजीवनभाई दुष्ट नव्हते, पण खरं बोलायचे, आणि तेही नको तिथे. गावात कोणाचंही बेसणं असो, हे पहिल्या रांगेत. लोक म्हणायचे, "देवमाणूस गेला." हे म्हणायचे, "देवमाणूस कसला? वजनात मारायचा." खरंच मारायचा, म्हणून तर घरच्यांनी कधी माफ केलं नाही. वल्लभदास हे वाडीचे प्रमुख आणि हरजीवनभाईंचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत बसून यांनी मोठ्याने विचारलं, "वल्लभ, डाळ खाली लागलीय, कळत नाही का?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आता त्याच वल्लभदासांच्या वाडीत बेसणं होतं. तेव्हा खिशात फोन असायचे नाहीत, आणि जेतपूरच्या घराला कुलूप होतं; उशीर होतोय हे कळवायचं तरी कोणाला. घरची म्हणावीत अशी माणसं तीनच, आणि ती तिघंही या लिंबाखाली होती.

रंभाफईचे गुडघे धड नव्हते, म्हणून दक्षाने फोटोखाली घालायला आणलेली पांढरी चादर जमिनीवर पसरली. फोटो झाडाच्या बुंध्याला टेकवला. किरीट रस्त्यावर हात दाखवत उभा राहिला. बराच वेळ कोणी थांबलं नाही. मग रंभाफईने घड्याळ बघितलं, पिशवीतून उदबत्ती काढली आणि लावली.

"फई, हे काय?"

"चार वाजले. पेपरात चारची वेळ दिलीय. वेळ चुकली तर तुझा बाप वरून शिव्या घालेल. वाडीत पोचू तेव्हा पोचू."

आणि त्याच क्षणी एक जीप थांबली.

जीपवाला उतरला तो बाह्या वर सारतच. पण बॉनेटपर्यंत यायच्या आत त्याला झाड, फोटो, उदबत्ती आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसली. त्याने तिथेच चपला काढल्या. चादरीवर येऊन हात जोडले, बसला, मान खाली घातली. आता समोर माणूस बसल्यावर किरीटलाही बसणं भाग होतं. थोड्या वेळाने जीपवाला हळू आवाजात म्हणाला, "इथेच गेले का?"

"नाही, राजकोटला. गाडी बंद पडलीय."

"गाडीपुढे कोणाचं चालतंय, भाई," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "इंजिनच्या पंपावर ओलं फडकं ठेवलंत?"

सौराष्ट्रात बेसणं दिसलं की पाठ फिरवून जायची रीत नाही, आणि उघडं बॉनेट दिसलं तर मुळीच नाही. इथे दोन्ही एका ठिकाणी होतं. जीप उभी बघून एक मोटार थांबली, मोटार बघून दोन स्कूटर थांबल्या. वीरपूरला दर्शनाला निघालेलं एक अख्खं कुटुंब उतरलं. जो येई तो आधी चादरीवर बसे, दुःख करी, मग उठून बॉनेटकडे जाई आणि मत देई.

"बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओता."

"बॅटरीचा काय संबंध? पाणी गळतंय काका, दिसत नाही?"

"गळतीला साबण. आंघोळीचा नको, कपड्यांचा. माझी गाडी साबणावर सोमनाथ करून आली."

"ती पेट्रोलची गळती! धक्का मारा आणि सेकंडला सोडा. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम आहे, हे सगळ्यांनी सांगितलं. त्या एका गोष्टीवर रस्त्यावर एकमत होतं. एकाने पंपावर ओलं फडकं ठेवलं, दुसऱ्याने ते काढलं, तिसऱ्याने साबण चोपडला. किरीट हे सगळं लांबून बघत होता, कारण त्याला उठता येत नव्हतं. उठायला लागला की नवा माणूस येऊन समोर हात जोडून बसायचा, आणि रंभाफई त्याचा सदरा धरून खाली ओढायची.

"बस. समोर लोक बसलेत. घरचा माणूस उठला की बेसणं उठलं."

"फई, आपलं बेसणं जेतपूरला आहे!"

"मग हे कोणाचं आहे?" फईने फोटोकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात चष्म्यातले एक मास्तर सगळ्यांना बाजूला सारून म्हणाले, "भोक बारीक आहे. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका. हळद फुगते, भोक बुजतं. अनुभवाचं बोलतोय." हे सगळ्यांना पटलं. वीरपूरवाल्या बाईंकडे स्वयंपाकाचं सामान होतं, त्यात हळद होती. त्यांनी पुडी पुढे केली आणि रंभाफई कडाडली.

"खबरदार! बेसण्यात हळद? शुभाची वस्तू! माझ्या भावाच्या फोटोसमोर हळद उधळता?"

सगळे वरमले. बाईंनी पुडी लपवली. मास्तर चष्मा सावरून म्हणाले, "मग मिरची टाका. काम तेच करते. आणि मिरचीला शुभ-अशुभ काही नसतं."

गोंडलच्या रस्त्यावर मिरची मागायची खोटी. पाठीमागेच भीखाभाई नावाच्या माणसाचा ट्रक उभा होता आणि त्यात गोंडलच्या मार्केट यार्डातून भरलेली मिरचीपुडीची पोती होती. भीखाभाई उदार माणूस. त्याने ओंजळभर आणली. मास्तर म्हणाले, मूठभर पुरे. जीपवाला म्हणाला, कमी पडायला नको. स्कूटरवाल्याने सगळी ओतली, वरून कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी घातलं आणि जीपवाला इंजिन चालू करायला आत बसला.

इंजिन चालू झालं. सगळ्यांनी "वाह" म्हटलं. मग रेडिएटरचा रबरी पाइप पोटात धरलेलं सगळं बाहेर टाकत फाटला.

लालसर वाफेचा लोट उठला आणि वाऱ्याने तो चादरीकडे नेला. दक्षाने पदर तोंडावर घेतला. वीरपूरची मंडळी ठसकायला लागली. मास्तरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले, तीच चूक झाली. एका मिनिटात लिंबाखालचा एकही डोळा कोरडा राहिला नाही. म्हातारे, तरुण, बायाबापड्या सगळे हुंदके देत होते, नाकं पुसत होते आणि बोलता येत नाही म्हणून नुसते हात जोडत होते.

तेवढ्यात एक एसटी आली. ड्रायव्हरने रस्त्याकडेला रडणारा जमाव बघितला, हाराचा फोटो बघितला आणि ब्रेक मारला. अख्खी बस खाली उतरली.

"कोण होते हो?" एकाने कंडक्टरला विचारलं.

"कोण होते ते काय विचारतोस? माणसं कशी रडतायत ते बघ!"

लोक आले, बसले आणि वाफ अजून विरली नव्हती म्हणून बसल्या बसल्या रडू लागले. एक पागोट्यावाले बापा डोळ्यांना उपरणं लावून म्हणाले, "असा माणूस आता होणे नाही. कोणाचं मन दुखवलं नसेल कधी यांनी."

दक्षाने दचकून फोटोकडे बघितलं. सासरे आता बोलतील असंच तिला वाटलं. किरीटला मात्र काहीतरीच झालं. हे सगळं खोटं आहे हे त्याला माहीत होतं. बाप असता तर पहिल्या रांगेतून उठून "खोटं" म्हणाला असता. तरीही बापासाठी एवढी माणसं रडताना बघून त्याचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आल्याची लाज वाटली. रंभाफईला असली काही अडचण नव्हती. तिने नाक पुसलं आणि अभिमानाने म्हणाली, "बघ. म्हणत होतास ना, कोणी येणार नाही?"

बस जेतपूरची होती. ते कळताच किरीटने कंडक्टरला हाक मारली. पण पागोट्यावाले बापा आणि त्यांच्यासोबतची चार माणसं अजून समोर मान खाली घालून बसली होती. ती उठेपर्यंत बाकीचे बॉनेटपाशी जाऊन आपापला सल्ला देऊन आले. ती उठली, तशी तीही बसमध्ये चढली आणि किरीट उठायच्या आत बस गेली. किरीट निरोपाला जोडलेले हात तसेच धरून बसून राहिला.

सहा वाजून गेल्यावर एकेक जण पांगला. जाताना प्रत्येकाने किरीटच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की गॅरेजवाल्याकडे नेऊ नका, ते लुटतात. शेवटी उरला भीखाभाई. त्याला मिरचीचं वाईट वाटत होतं. त्याने ट्रकला दोर बांधला आणि हरजीवनभाईंची गाडी खेचत खेचत जेतपूरला आणली.

वाडीच्या दारात शुकशुकाट होता. किरीट फोटो छातीशी धरून आत गेला. सभामंडपात दिवा जळत होता. घरच्यांसाठी मांडलेल्या गादीवर एक म्हातारा एकटाच बसला होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी. वल्लभदास.

"ये," ते म्हणाले. "फार लवकर आलास."

"काका, गाडी..." किरीटला पुढे बोलवेना. "कोणी आलं होतं का?"

"कोणी? अरे, बाहेरच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. अख्खं गाव आलं. फोटो नाही, घरचं कोणी नाही. तरी कोणी उठेना. ज्याला त्याला सांगायचं होतं, हरजीवन मला काय बोलला ते. कोणाला जास्त लागेल असं बोलला यावरून दोघांची जुंपली, मी सोडवली. वजनात मारणाऱ्याचा मुलगा आला होता. म्हणाला, गावात आता खरं कोण बोलणार?"

किरीट फोटो मांडीवर घेऊन खाली बसला. ज्यांना बाप माहीत होता त्यांचं बेसणं त्याने चुकवलं होतं, आणि ज्यांना माहीत नव्हता त्यांच्यापुढे दोन तास हात जोडून बसला होता. आयुष्यात एकदाच गाव बापाबद्दल बोललं आणि ऐकायला मुलगा नव्हता. आता ते परत कोण सांगणार होतं?

"मग लोकांनी हात कोणाला जोडले?" रंभाफईने विचारलं.

वल्लभदास गादीवर जरा सरकले. "हात जोडायला समोर कोणीतरी लागतं ना, बेन. म्हणून मी बसलो."

फईने पदर तोंडात धरला. किरीटने फोटो टेकवून ठेवला. वल्लभदासांनी फोटोकडे बघितलं नाही. ते उठून काठी टेकत दाराबाहेर गेले आणि गाडीचं बॉनेट उघडून आत वाकले.

"पाइप फाटला ना? फाटणारच! मी सांगत होतो, पाइप बदल, पाइप बदल. दर दिवाळीला सांगत होतो."

"पण काका, तुमचं तर बाबांशी बोलणं बंद होतं."

"त्याच्याशी बंद होतं," वल्लभदास म्हणाले. "बाजारात त्याची गाडी उभी दिसली की मी गाडीला सांगायचो. तो काच वर करून ऐकत बसायचा."

त्यांनी बॉनेट बंद केलं नाही. तसेच वाकून राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. किरीट जवळ गेला, पण त्यांना हात लावायचा त्याला धीर झाला नाही. तो शेजारी उभा राहिला आणि तोही त्या फाटक्या पाइपकडे बघत राहिला.