गोधडीची जागतिक वेळ

बायकोने काम सांगितलं की सांगितलं तेवढंच करावं, त्यात स्वतःची अक्कल मिसळू नये, ही गोष्ट तुंगार्लीच्या केशवराव गरुडांना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळली. कळली ती एकशे साठ बायकांसमोर कळली, आणि त्या बायका नऊ देशांतल्या होत्या.

त्याचं असं झालं. केशवरावांच्या पत्नी इंद्रायणीबाई बँकेतून निवृत्त झाल्यापासून गोधड्या शिवतात. शिवता शिवता त्या इंटरनेटवरच्या एका मंडळात शिरल्या. जुन्या कपड्यांची पांघरुणं शिवणाऱ्या जगभरच्या बायकांचं हे मंडळ. महिन्यातून एकदा कुणीतरी सभासद आपल्या गावची शिवण व्हिडिओवरून सगळ्यांना शिकवते. नंबर लागायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि ठरल्या वेळी कार्यक्रम सुरू झाला नाही तर नंबर गेला, पुन्हा रांगेच्या शेवटी. मंडळाची प्रमुख मोराग नावाची एक स्कॉटिश बाई आहे आणि या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. इंद्रायणीबाईंचा नंबर एकदाचा लागला होता. ज्यांच्याकडून त्या मुळात गोधडी शिकल्या, त्या बेडशाच्या बायामावशींना शेजारी बसवून त्या शनिवारी जगाला गोधडी शिकवणार होत्या. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. (वरणात दोनदा मीठ नव्हतं. केशवराव बोलले नाहीत.)

मोरागने मंडळाच्या फलकावर कार्यक्रमाची वेळ टाकली ती ग्रीनिचची. झालं, ‘म्हणजे आमच्याकडे किती वाजता?’ असे निरोप चहूकडून यायला लागले. इंद्रायणीबाईंचे दोन्ही हात कापडात होते.

“अहो, एवढं करा. फलकावरची वेळ बघा आणि प्रत्येकीला तिच्याकडे किती वाजलेले असतील ते कळवा. बाकी काही करू नका.”

“वेळ हे माझंच खातं आहे,” केशवराव म्हणाले.

ते खोटं नव्हतं. वराळ्याजवळच्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कोण किती वाजता आत आलं, कुणाला लेट मार्क, कुणाचा हाफ डे, हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यामुळे फलक बघण्याची त्यांना गरज वाटली नाही. सोमवारीच बायकोने सांगितलं होतं, ‘शनिवारी साडेपाचला कार्यक्रम आहे, दाढी करून तयार राहा.’ घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर स्कॉटलंडला कशाला विचारायचं?

कॅलेंडरचं मागचं पान फाडून ते कामाला बसले. जपान रात्री नऊ. ब्राझील सकाळी नऊ. स्कॉटलंड दुपारी एक. टोरोंटो सकाळी आठ. हिशेब अगदी चोख होता, दोनदा तपासला. इथे ते थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती.

पण त्यांना अनुभव आडवा आला. हळदीकुंकू पाचला म्हटलं की बायका सहाला येतात. पत्रिकेत साडेबारा छापलं की मंडळी जेवणाच्या वेळेला उगवतात. कंपनीतही बस सातला सुटणार असली तर कामगारांना पावणेसात सांगायचे. खरी वेळ सांगणं म्हणजे उशिराला आमंत्रण देणं. तेव्हा प्रत्येक देशाला थोडं मार्जिन धरावं असं त्यांनी ठरवलं. जपानला काही नको, ते लोक वक्तशीर. स्कॉटलंडला दहा मिनिटं. ब्राझीलबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण फुटबॉल खेळणारी माणसं म्हणून पाऊण तास. आणि टोरोंटोला मूळची तळेगावची हर्षदा होती आणि तिच्या पाच मराठी मैत्रिणी. तिथे त्यांनी क्षणभरही विचार न करता पूर्ण तास धरला. एकशे साठ पत्रं एकेकीला वेगळी गेली. केशवराव त्या रात्री फार समाधानाने झोपले.

शनिवारी दुपारी इंद्रायणीबाईंनी हॉलमध्ये चटई घातली, त्यावर अर्धी शिवलेली गोधडी आणि चिंध्यांचा ढीग ठेवला, समोर लॅपटॉप मांडला. मोरागसोबत चाचणी घेतली, आवाज बंद केला आणि बाकी सगळं तसंच चालू ठेवलं. “कशालाही हात लावू नका, मी बायामावशींना घेऊन येते,” असं बजावून त्या गाडी घेऊन बेडशाला गेल्या.

साडेचार वाजले. लॅपटॉपचा पडदा काळा होता. केशवराव बनियन आणि लुंगीवर होते. त्यांनी चटईवरच आपला झब्बा इस्त्रीला घेतला, इस्त्री तापेना म्हणून तिला तिच्या कंपनीसकट चार शब्द ऐकवले, पाठ खाजवायला आपली जुनी पट्टी वापरली. मग, घरी कोणी नाही असं बघून, ते लॅपटॉपसमोर उभे राहिले. आभारप्रदर्शन आपण करावं असं त्यांच्या मनात होतं. (त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.) त्यांनी छाती पुढे काढून इंग्रजीत पूर्ण भाषण केलं. “जगातील सर्व भगिनींनो” अशी सुरुवात होती, मध्ये टाइम ऑफिसचा थोडक्यात इतिहास होता, आणि शेवटी कमरेत वाकून नमस्कार होता. त्या नमस्कारात त्यांचं कपाळ माउसला लागलं.

पडदा उजळला. त्यावर एकतीस बायका टाळ्या वाजवत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. “काका, मी हर्षदा. आवाज सुरू करा. भाषण सगळं दिसलं, ऐकू काहीच आलं नाही.”

“तू कधी आलीस?”

“तुमच्याकडच्या साडेचारला. तुम्ही सकाळी सात लिहिलं होतंत ना? आम्ही सहाही जणी पाच मिनिटं आधीच होतो. आता ब्राझील आलंय. आम्ही तर इस्त्रीपासून सगळं बघितलंय.”

केशवरावांनी घाईघाईने आवाज सुरू केला. त्यांनी झब्बा चढवला आणि बायकोला फोन लावला. बेडशाच्या बाजूला रेंज नाही. पुन्हा लावला. नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी स्कॉटलंड आणि भोवतालचा युरोप आत आला, साडेपाचच्या ठोक्याला जपान. एकशे साठ चेहरे आणि इंद्रायणीबाईंचा पत्ता नाही. साडेपाच! म्हणजे कार्यक्रमाची वेळ झाली, नंबर गेला, दीड वर्ष पाण्यात. एकतीस वर्षांत ज्यांना ज्यांना तीन मिनिटांसाठी लेट मार्क दिला, ते सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

मोराग काहीतरी म्हणाली. हर्षदाने सांगितलं, “काका, ती विचारतेय, आत्ताच सुरू करायचं का?”

“सुरू झालंय म्हणून सांग,” केशवराव म्हणाले आणि गोधडीशेजारी मांडी घालून बसले.

गोधडीबद्दल त्यांना ती अंगावर घ्यायची असते एवढंच ठाऊक होतं. पण बोलायचं कसं ते टाइम ऑफिसात शिकायला मिळतं. त्यांनी एकेक चिंधी उचलून माहिती द्यायला सुरुवात केली. ही सौभाग्यवतींची नारळी पौर्णिमेची साडी. हा मुलीचा, अनुष्काचा, शाळेचा फ्रॉक. आणि ही... इथे ते थांबले. ती चिंधी राखाडी होती आणि तिला खिसा होता. निवृत्तीच्या दिवशी घातलेला सफारी गेली तीन वर्षं सापडत नव्हता. धोब्याशी त्यावरून बोलणं बंद होतं.

“हा माझा सफारी आहे,” ते मराठीतच म्हणाले. हर्षदाने भाषांतर केलं. ब्राझीलमधली एक बाई डोळे पुसायला लागली, रडून की हसून ते कळलं नाही.

मग त्यांनी सुई घेतली. दोरा ओवायला अकरा मिनिटं लागली, पण त्या अकरा मिनिटांत एकही बाई उठून गेली नाही. पहिला टाका पडला तेव्हा जपानने टाळ्या वाजवल्या. केशवरावांना चेव आला. गोधडी मांडीवर ओढून ते सरळ रेषेत, एकासारखा एक टाका घालत सुटले. आपल्या हातात कला आहे हे इतकी वर्षं आपल्यापासून लपवून ठेवण्यात आलं, असंही त्यांना वाटून गेलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी इंद्रायणीबाई आणि बायामावशी दारात उभ्या राहिल्या.

“हे काय चाललंय?”

“तुला उशीर झाला,” केशवराव रडवेल्या आवाजात म्हणाले. “मी कसंबसं सांभाळलंय. साडेपाचचा कार्यक्रम ना?”

“साडेसहाचा.”

“सोमवारी तू साडेपाच म्हणालीस.”

“तुम्हाला म्हटलं होतं. तुम्हाला खरी वेळ मी कधी सांगितलीय? अनुष्काच्या लग्नाचा मुहूर्त बारा दहाचा होता, तुम्हाला अकरा सांगितला, तरी मंगलाष्टकं सुरू झाल्यावर आलात. मी फलक बघायला सांगितलं होतं ना?”

केशवरावांनी बोटांवर हिशेब केला. म्हणजे त्यांच्या मार्जिनच्या आत आधीच बायकोचं मार्जिन होतं. पण म्हणजे नंबर गेलेला नव्हता. अजून वीस मिनिटं होती. आनंदाने ते ताडकन उठले, आणि त्यांच्याबरोबर गोधडीही उठली. सरळ रेषेतले ते सगळे टाके गोधडीतून लुंगीत आणि लुंगीतून गोधडीत गेले होते.

“खाली बसा,” इंद्रायणीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “समोर जग आहे.”

“उठू नगा साहेब,” बायामावशी म्हणाल्या. “आत काय घातलंय का न्हाई कुणाला ठावं.”

हर्षदाने याचंही भाषांतर केलं. ते करू नये असं तिला सांगायला कुणाला सुचलं नाही.

साडेसहाला, अगदी ठोक्याला, मोरागने कार्यक्रम सुरू झाल्याचं जाहीर केलं. मंडळाच्या आठ वर्षांत एकही सभासद उशिरा आली नाही असं आज पहिल्यांदाच घडलं, असं ती म्हणाली. इंद्रायणीबाईंचा चेहरा फुलला. त्या बोलायला लागल्या आणि थांबेचनात. कापडाचे थर कसे लावायचे, कडेने सुरू करून आत कसं यायचं, मऊ लुगडं वर का ठेवायचं. केशवराव मधोमध बसून होते, कारण ज्या गोधडीवर शिकवायचं ती त्यांनाच जोडलेली होती. बायामावशींनी पहिला धडा उसवण्याचा घेतला.

“टाका वाईट न्हाई,” त्या लुंगीपाशी वाकून एकेक दोरा ओढत म्हणाल्या. “लय घट हाय. ताई, साहेब कंपनीत काय करत व्हते?”

“टाइम ऑफिसात होते. कोण वेळेवर आलं, कोण उशिरा आलं, ते सगळ्यांचं लिहून ठेवायचे.”

बायामावशींनी आणखी दोन टाके उसवले.

“आन् साहेबांचं कोन लिवत व्हतं?”

इंद्रायणीबाईंनी सुईत नवा दोरा एका झटक्यात ओवला.

“मी,” त्या म्हणाल्या, आणि हर्षदाचं भाषांतर जपानपर्यंत पोहोचायची वाट बघत थांबल्या.