तर्री उतरलेला माणूस

भेटल्यावर लोक तब्येत विचारतात. आमचे शेजारी मेश्रामकाका तर्री विचारतात. "काहो भाऊ, तर्री किती?" तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं तेल. काकांना मात्र रक्तातली चरबी विचारायची असते. नवखा माणूस गडबडतो आणि कालच्या मटणाबद्दल बोलू लागतो.

रेल्वेतून निवृत्त झालेले काका पूर्वी चांगलेच ऐसपैस होते. ते बसले की रिक्षावाला दुसरी सवारी घेत नसे. तपासणीसाठी काढलेलं त्यांचं रक्त नळीत ठेवलं, तर वर दुधाळ थर जमला. "ते रक्त नव्हतं बाप्पा, रस्सा होता!" हे ते अजून अभिमानाने सांगतात. शेवटी पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. हळूहळू वजन उतरलं, ट्रायग्लिसराइड उतरलं, चांगलं कोलेस्टेरॉल वर चढलं. काकांनी अख्ख्या पुरानी बस्तीत पेढे वाटले आणि स्वतः एक नुसता चाटून पाहिला. कोलेस्टेरॉलची गोळी अजून चालू आहे, हे मात्र ते सांगत नाहीत.

आता काकांचं जेवण म्हणजे वाटीभर वरण-भात. पण त्याला तास लागतो! परवा काका-काकू आमच्याकडे जेवायला होते. पाहुण्याआधी उठायचं नाही, ही आमची रीत. माझा हात वाळून कडक झाला, तरी काकांचं शितं चिवडणं संपेना. शेजारी कमलकाकू मजेत आणखी एक पोळी मोडत होत्या.

काकू पाणी आणायला आत गेल्या, तसा मी वैतागून म्हणालो, "काका, डॉक्टरांनी सावकाश जेवायला सांगितलं असेल, पण इतकं?"

"डॉक्टर कायचा?" काका हळूच म्हणाले. "माह्यं पोट चार घासातच भरते. पण मी ताटावरून उठलो का ती बी उठते. नवरा उठल्यावर बाईनं जेवत बसू नये, असं माह्या मायनंच शिकवलं तिले. ऑपरेशन झाल्यावर मी पटकन उठून जाऊ, अन् ती रोज अर्ध्या पोटी. मी आपली तर्री मोजत बसलो, अन् ती वाळून राहिली होती. एक दिवस भांडे घासताना तिची बांगडी आपोआप गळून पडली, तवा समजलं मले."

"मग सांगा ना त्यांना, जेवत जा म्हणून."

"सांगतलं ना. ऐकते थोडी!"

माझा वैताग कुठल्या कुठे गेला.

काकू पाणी घेऊन आल्या. काकांच्या वाटीत वरणाचा नुसता डाग उरला होता. त्यांनी त्यात चमचा फिरवला.

"तू घे न अजून भात," ते काकूंना म्हणाले. "माह्यं व्हायचं आहे."

मीही ताटात थोडा भात वाढून घेतला.