गोजराबाईंच्या आजाराची बढती

माणसाच्या शरीराचे सांगण्याजोगा आणि न सांगण्याजोगा असे दोन विभाग असून त्यांची हद्द बेंबीपाशी आहे. वरच्या विभागात होतो तो आजार. खालच्या विभागात होते ती घरातली गोष्ट. (गुडघ्यांना यातून सूट आहे.) नाशिकच्या गोजराबाईंना १९९९ साली जे झालं ते फारच खाली झालं.

इंदिरानगरच्या मागे त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा मळा. शौचाला बसल्या की आतड्याचं शेवटचं टोक बाहेर यायचं. आधी आपोआप आत जायचं, पुढे हातानं सारावं लागू लागलं. (वैद्यकशास्त्रात याला गुदभ्रंश म्हणतात. वैद्यकशास्त्राला लाज नसते.) मग जुड्या मांडून उकिडवं बसलं तरी ते येऊ लागलं, तेव्हा त्यांनी बाजार सोडला. तीस वर्षांची जागा सुटली याचं त्यांना आजारापेक्षा जास्त वाईट वाटलं. खाल्लं तर बसावं लागतं, म्हणून भाकरीही अर्ध्यावर आणली.

मुलगा महेश अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. कारखान्याला नुकतंच आयएसओ प्रमाणपत्र मिळालेलं, त्यामुळे तक्रार योग्य मार्गानेच पुढे जावी असा त्याचा कटाक्ष. घरचा मार्ग असा होता: आईनं सुनेला सांगायचं, सुनेनं नवऱ्याला, नवऱ्यानं डॉक्टरांना. गोजराबाई साधनाला म्हणाल्या, खाली जरा त्रास आहे. सासूचं 'खाली' नवऱ्याला कसं सांगायचं, म्हणून साधनानं पोट सांगितलं. पोट म्हटलं की डॉक्टर साफ होतं का विचारणार, आणि आईचं ते मुलानं कसं सांगायचं, म्हणून महेशनं अ‍ॅसिडिटी सांगितली. गोजराबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना फक्त जीभ दाखवायला सांगण्यात आलं.

गोळ्यांनी गुण येईना. दुसऱ्या वर्षी आजार छातीत गेला. कार्डिओग्राम काढला, तो उत्तम आला. (महेशनं तो फाइलला लावला.) तिसऱ्या वर्षी उपासानं चक्कर येऊ लागली आणि आजार डोक्यात दाखल झाला. तिथून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तीन वर्षांत आजारानं सुमारे अडीच फुटांची बढती मिळवली होती. बाई मुळात चार फूट दहा इंच, त्यामुळे पुढे फारसा वाव नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी नेमके कारखान्यात आयएसओचे तपासनीस आले. महेश अडकला, आणि साधना संकोचानं दाराबाहेरच थांबली. डॉक्टरांनी बॅटरी हातात घेऊन काय त्रास होतो ते विचारलं. गोजराबाई सवयीनं वाट पाहत राहिल्या, पण आपल्या वतीनं बोलायला खोलीत कुणीच नाही हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

"डागतर, परसाकडं बसले का आतडं भाईर येतं," त्या म्हणाल्या. "हातानं आत सारते. तीन वर्सं झाली. मला बाजारात बसायचंय."

डॉक्टरांनी बॅटरी ठेवून दिली आणि एका सर्जनबाईंच्या नावानं चिठ्ठी लिहिली. आजाराची जागा बरोबर ओळखणारा या प्रकरणातला हा पहिला तज्ज्ञ.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. प्रश्न उरला नातेवाइकांचा. चिठ्ठी डोळ्यांच्या दवाखान्याची असल्यानं डोळ्याचं ऑपरेशन म्हणण्यात काही खोटं नाही, असा निर्णय महेशनं घेतला आणि आईसाठी काळा चष्मा आणला. नांदगावहून गोजराबाईंच्या नणंद भिमाबाई भेटायला आल्या. नीट दिसतं ना आता, असं त्यांनी विचारलं.

"आता बसता येतं नीट," गोजराबाई म्हणाल्या.

महेश चहा सांगायला आत गेला, तशा भिमाबाई जवळ सरकल्या.

"वयनी, मंग माझंबी डोळ्याचंच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "सात वर्सं झाली."

गोजराबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि सर्जनबाईंचा पत्ता दिला. नांदगावला भिमाबाईंच्या मुलाला विचाराल तर आईला काहीच झालेलं नाही, फक्त गुडघे दुखतात, असं तो खात्रीनं सांगेल. तुमच्याही आईचे गुडघेच दुखतात ना? तुम्हाला कुणी सांगितलं?