मागणारी माता

सोसायटीच्या फाटकात गाय येऊन बसली आणि ती पवित्र असल्यामुळे तिला कुणी उठवलं नाही. सेक्रेटरींनी येता-जाता तिला नमस्कार केला. गाडी मात्र बाहेर उन्हात लावावी लागली. याच गाईच्या दुधावर सोसायटीतल्या पोरांना मिसरूड फुटलं होतं.

संध्याकाळी गवळी आला. "साहेब, आटली ही आता. माझं हातावर पोट. तुमची मागची शेड रिकामीच आहे, तिथं राहू द्या. नाहीतर बाजारात न्यावी लागेल. तिथून कुठं जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे."

सेक्रेटरींना गहिवरून आलं. "बाजारात? अरे, आई आहे ती आपली!" त्यांनी तातडीची सभा बोलावली. विषय : मातेची व्यवस्था.

गाय पवित्र का, हे आधी ठरणं आवश्यक होतं, कारण खर्च त्या सदराखाली पडणार होता. वकीलसाहेब उठले. "ती जन्मभर देते आणि कधी काही मागत नाही. म्हणून ती पवित्र!" टाळ्या पडल्या, डोळे पाणावले, ठराव एकमताने मंजूर झाला.

"मग चारा कोण घालणार?" गवळ्याने दारातून विचारलं.

सगळे छताकडे बघू लागले. शेवटी तळमजल्यावरचे मास्तर म्हणाले, "आपापल्या आयांचं करतो तसंच करू की. पाळीपाळीने सांभाळू." त्याबरोबर प्रत्येकाने आपली अडचण सांगितली. पाठच होती ती.

इतक्यात फाटकातून हंबरणं ऐकू आलं. सकाळपासून उपाशी होती बिचारी.

"ऐकलंत?" वकीलसाहेबांनी बोट वर केलं. "मागतेय! आपल्या ठरावात बसत नाही हे."

पण नियम म्हणजे नियम. जड अंतःकरणाने पावित्र्य स्थगित झालं. मागणं कायमचं थांबल्यावर ते आपोआप परत मिळेल, अशी उदार तरतूदही झाली. गवळ्याने दावं ओढलं. सेक्रेटरींनी वाकून नमस्कार केला आणि गाडी आत घेतली.

घरी ते सभेचं इतिवृत्त लिहायला बसले. मागच्या खोलीतून आईची हाक आली, "अरे, घोटभर पाणी देतोस का?"

"थांब गं जरा! आईचंच काम चाललंय."

म्हातारीने पुन्हा हाक मारली नाही. तिला पावित्र्याचे नियम कुणी समजावून सांगावे लागत नाहीत.

तुमच्याकडेही आतून कुणी हाक मारली का हो आत्ता? असू दे. गोष्ट संपवूनच उठा.