काकासाहेबांचं न उडालेलं मिग

काकासाहेब म्हस्क्यांच्या घरातून दोन वस्तू सतत नाहीशा व्हायच्या. एक द्वारकाबाईंच्या डबीतलं काजळ आणि दुसरी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. शोध घ्यायची गरज नसे. दोन्हींचा माग खिडकीजवळच्या जुन्या शिलाई मशीनपाशी येऊन थांबायचा. मशीनच्या फळीवर दीड वीत लांबीचं एक मिग-२१ उभं होतं. चांदीच्या पट्ट्या वैमानिकाच्या खुर्चीला कमरपट्टा म्हणून लागल्या होत्या आणि काजळ शेपटीला, धुरानं काळवंडल्यासारखी दिसावी म्हणून.

काजळाचं प्रकरण द्वारकाबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "लोकं काळं झालेलं उजळ करत्यात, अन् तुम्ही नवं कोरं आणून काळं करता," असं त्या म्हणत. काकासाहेब समजावून सांगत की खरं विमान उडून आलं की मळतं, न मळलेलं विमान खेळण्यातलं दिसतं. मोजणी खात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाचा दिवस दुसऱ्यांच्या शेतांचे लहान केलेले नकाशे जपण्यात जाई. त्यामुळे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसपट लहान केलेलं विमान त्यांना फारसं लहान वाटत नसे. खोक्यातून प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकत आलेले सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग रंगवलेलं पुन्हा बेताबेतानं मळवायचं, यात त्यांचा दसऱ्यापासूनचा सगळा फुरसतीचा वेळ गेला होता. नाकापुढची टोकदार नळी त्यांनी इंजेक्शनच्या सुईची केली होती, आणि ती बसली त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले होते.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी वैमानिकाच्या डोक्यावरची काच बसवायला घेतली. हे काम श्वास रोखून करायचं असतं, कारण नुसत्या वाफेनंही काच धुरकट होते. नेमकं त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी पुंजाराम वाघ दारात आले. पुंजाराम निवृत्त मुख्याध्यापक होते आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना शाळेतूनच लागली होती. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला काहीतरी नवीन हवं म्हणून ते फ्लॅट धुंडाळत फिरत होते. विमान पाहून ते हरखले.

"झालं का? उडतं का?" त्यांनी एका दमात विचारलं.

"अजून नाही," काकासाहेब ओठ न हलवता म्हणाले.

हे उत्तर पहिल्या प्रश्नाचं होतं. पुंजारामांनी ते दुसऱ्याला लावलं आणि समाधानानं निघून गेले.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली की म्हस्के साहेबांनी घरीच विमान तयार केलं असून उडवण्याचं तेवढं बाकी आहे. काकासाहेबांनी सविस्तर खुलासा लिहिला. पण त्यांच्या खुलाशाआधी चौदा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती आणि नंतर वीस जणांनी, त्यामुळे खुलासा मध्ये कुठंतरी दडपून गेला. दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर मोठा चेहरा बन्सीभाऊंचा होता. बन्सीभाऊ गेली कित्येक वर्षं वॉर्डाचे भावी नगरसेवक होते. बाकीचे नगरसेवक माजी झाले, पण बन्सीभाऊंचं भावीपण टिकून होतं. त्यांच्या कानाजवळून एक मिग झेपावत होतं आणि खाली लिहिलं होतं, "भव्य उड्डाण सोहळा, शुभहस्ते बन्सीभाऊ."

काकासाहेब घाईघाईनं पुंजारामांकडे गेले. हे शोभेचं विमान आहे, आत इंजिन नाही, नुसतं प्लॅस्टिक आणि डिंक आहे, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. पुंजारामांनी ऐकून घेतलं आणि आता फ्लेक्स लागला आहे, तेव्हा बोलायचंच तर भाऊंशी बोला, असं सुचवलं. मग काकासाहेब स्कूटर काढून औरंगपुऱ्यात भाऊंच्या ऑफिसात गेले. भाऊंनी आधी चहा सांगितला.

"म्हस्के साहेब, तुम्ही कामून परेशान होता," चहा आल्यावर ते म्हणाले. "उडायचं टेन्शन आपल्यावर सोडा. मागल्या साली मी बागेचं उद्घाटन केलं. बाग हाय का? वाचनालयाचं केलं. वाचनालय हाय का? लोकांनी टाळ्या वाजवल्या का नाय? व्हय ना. मग तुमचं तं इमान डोळ्याला दिसतंय तरी. लई पुढं हाय तुमचं काम."

काकासाहेबांनी चहा संपवला. परत येताना त्यांना बरंही वाटत होतं आणि बरं वाटल्याची भीतीही वाटत होती.

सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या मैदानात गर्दी मावेना. फुलंब्रीहून काकासाहेबांची आई चतुराबाई पहिल्या गाडीनं आल्या होत्या, येताना शेजारपाजारच्या चार बायाही त्यांनी सोबत आणल्या होत्या. लेकानं विमान केलं, हे गावात सांगून झालं होतं. मिग एका स्टुलावर ठेवलं होतं. कोणीतरी त्याला झेंडूचा हार घातला होता आणि हाराच्या वजनानं सुईची नळी वाकून जमिनीकडे बघत होती. चतुराबाईंनी पुढं होऊन विमानाला ओवाळलं आणि नाकाला ठसठशीत कुंकू लावलं. राखाडी रंगाच्या चार थरांवरून ते खाली ओघळलं. आईला काय बोलणार, म्हणून काकासाहेबांनी दुसरीकडे पाहिलं.

बन्सीभाऊंनी फीत कापली, शौर्यावर आणि वॉर्डातल्या ड्रेनेजवर भाषण केलं आणि मग स्टुलाकडे हात करून म्हणाले, "हे उड्डाण झालं, असं मी जाहीर करतो."

त्याच क्षणी त्यांच्या पोरांनी रंगीत धुराचे नळे पेटवले. डीजेवाल्यानं खऱ्या जेटचा आवाज सोडला. तो इतका मोठा होता की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. समोर भगवा, पांढरा, हिरवा धूर आणि वर संक्रांतीचे उरलेले पतंग, यापलीकडे कोणालाच काही दिसेना. मागचे पुढच्यांना विचारू लागले, गेलं का? पुढच्यांना आपण पुढं बसूनही काही पाहिलं नाही हे सांगणं जिवावर आलं. गेलं, ते म्हणाले. धूर विरला तेव्हा स्टूल रिकामं होतं. हाराला ठिणगी लागेल म्हणून पुंजारामांनी विमान उचलून खुर्चीखालच्या खोक्यात ठेवलं होतं, पण ते कोणी पाहिलं नाही आणि पुढं पुंजारामही विसरले. दुपारपर्यंत मिगनं पाण्याच्या टाकीला एक घिरटी घातली होती. संध्याकाळी तीन झाल्या. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात भाऊंच्या फोटोसह यशस्वी उड्डाणाची बातमी आली.

काकासाहेबांनी शोधाशोध करून त्या खोक्यातून विमान घरी आणलं, ओल्या कापसानं कुंकू टिपलं, नळी सरळ केली आणि झालं ते झालं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. आठवड्याभरात हवालदार कडूबा दारात उभे राहिले.

चिकलठाण्याचं विमानतळ जवळ, त्यात बिनपरवाना उड्डाण, आणि तेही लढाऊ विमानाचं. पेपरातलं कात्रण कोणीतरी वर पाठवलं होतं आणि वरून ते "चौकशी करून अहवाल द्यावा" असा शेरा घेऊन खाली आलं होतं. कडूबांनी काकासाहेबांना ठाण्यात नेलं. तिथले फौजदार घुगे शांत स्वभावाचे होते. बदली व्हायला थोडेच दिवस राहिलेल्या माणसाचा शांतपणा होता तो. काकासाहेबांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. घुग्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की उडालं नाही असं म्हणणारे तुम्ही एकटेच आहात, आणि तुम्ही म्हणणारच.

साक्षीदार बोलावले गेले. पुंजारामांनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. त्यांनी टाकीभोवतीच्या तीन घिरट्या हातानं काढून दाखवल्या. एव्हाना त्यांना त्या खरोखरच आठवत होत्या. बन्सीभाऊंना फोन गेला. परवान्याचं ऐकून ते सावध झाले, पण उड्डाण झालं नाही असं म्हणावं तर फोटो खोटा ठरत होता. उड्डाण आपल्याच हस्ते झालं, मात्र आपण फक्त जाहीर केलं, असं काहीतरी ते बोलले. राहिल्या चतुराबाई. निदान आई तरी खरं सांगेल, या आशेनं काकासाहेबांनीच त्यांना पुढं केलं होतं.

चतुराबाईंनी पदर सावरला. "सायेब, माझ्या लेकानं केलेलं हाय ते," त्या म्हणाल्या. "अन् उडणार नाय? लेकरू लाजाळू हाय माझं, म्हून नाय म्हणतंय."

काकासाहेबांचा संयम संपला. त्यांनी पिशवीतलं विमान काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, हे उडूच शकत नाही," ते म्हणाले. "वरून सोडलं तर दगडासारखं खाली पडेल."

घुग्यांनी विमानाकडे पाहिलं, काकासाहेबांकडे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना एखादी गोष्ट सोपी वाटली. "मग सोडून दाखवा," ते म्हणाले. "चला गच्चीवर."

काकासाहेब जागेवरच बसून राहिले. आपण काय बोललो ते त्यांना आता कळत होतं. द्वारकाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठून जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नोकरी हाय आपली. केस झाली तं काय करायचं? पुन्हा करू एखादं. काजळ मी देते." लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण बायकोचं इतकं गोड बोलणं काकासाहेबांना आठवत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांना रडू येऊ लागलं.

गच्चीवर घुगे, कडूबा आणि समोरच्या हॉटेलातून पंच म्हणून धरून आणलेले दोघं, एवढेच गेले. बायका आणि पुंजाराम खाली खोलीतच थांबले. काकासाहेब कठड्यापाशी आले. त्यांनी नळी नीट केली, काचेवरचा धुळीचा कण फुंकरीनं उडवला. खाली फरशी होती, तिच्यापलीकडे जप्त गाड्यांचं आवार. घुगे म्हणाले, सोडा. काकासाहेबांनी डोळे मिटले. विमानाचे ज्यानं इतके महिने लाड केले, त्याच्यानं ते टाकवणार कसं? त्यांनी ते हळुवार पुढं ढकललं, अगदी आडवं, नाक किंचित खाली.

आवाज आला नाही. फुटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागू नये, म्हणून त्यांनी डोळे उघडले.

मिग हवेत होतं. गच्चीपासून जरा खाली जाऊन ते वाऱ्यावर बसलं होतं आणि पंख तोलत पुढं निघालं होतं. फरशी मागं पडली, कडुलिंबाची फांदी चुकली, डाव्या अंगाला किंचित झुकून त्यानं एक लांबलचक, डौलदार वळण घेतलं आणि आवारातल्या एका जप्त टेम्पोच्या ताडपत्रीवर ते अलगद टेकलं. थोडं घसरलं आणि थांबलं.  आपण आरोपी आहोत हेही काकासाहेब विसरले होते. चेहरा जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तसा झाला होता.

"उडालं की वो," एक पंच म्हणाला.

घुग्यांनी टेम्पोकडे पाहून मनात हिशेब मांडला. विमान उडालं म्हणायचं, तर ते जप्त करायचं, तपासणीला पाठवायचं, विमानवाल्या खात्याला इंग्रजीतून उत्तरं द्यायची, बन्सीभाऊंना आरोपी करायचं आणि बन्सीभाऊ उद्या निवडून आले तर तोंडाशी आलेली बदली घालवून बसायचं. शिवाय पोलिसांच्या गच्चीवरून, पोलिसांच्याच हुकमानं बिनपरवाना दुसरं उड्डाण झालं होतं, त्याचा जाब वेगळाच.

"कडूबा," ते शांतपणे म्हणाले, "लिहा. विमान सोडताच दगडासारखं सरळ खाली पडलं."

कडूबांनी लिहिलं. पंचांनी सह्या केल्या. चहा होऊन गेला होता, त्यांना हॉटेलात परत जायचं होतं. कागद काकासाहेबांपुढं आला. इतके दिवस हेच एक वाक्य ते घसा कोरडा करून सगळ्यांना सांगत होते. आता ते सरकारी शाईत समोर लिहिलेलं होतं आणि त्यांचा हात काही पुढं होईना.

"साहेब," ते चाचरत म्हणाले, "थोडंसं... पण उडालं ना ते."

"म्हस्के, तुम्हाला घरी जायचंय का नाय?"

काकासाहेबांनी सही केली.

खाली येऊन, ताडपत्रीवरून विमान उतरवून ते परतले तेव्हा अहवाल ऐकून पुंजाराम नाराज झाले होते आणि पोलिसांनी दबाव आणला असं म्हणत रस्त्याला लागले होते. रिक्षात काकासाहेब दोघींच्या मधे बसले. मिग मांडीवर होतं. घर येईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला, पण जिन्यातच त्यांचा बांध फुटला. ते आईचा हात धरून थांबले. गच्ची, वारा, कडुलिंब, ते डावीकडचं वळण, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. "माय, खरंच उडालं गं. मी या डोळ्यांनी पाहिलं."

चतुराबाई गुडघ्यावर हात टेकून पुढची पायरी चढल्या.

"मग त्यात नवं काय सांगतो," त्या म्हणाल्या. "आम्ही तं सव्वीस तारखेलाच पाह्यलं."