हे बंद कधी करायचं?

कुठलंही उद्घाटन असो, दादाराव पाहुण्यांना एकच प्रश्न विचारायचे, "हे बंद कधी करायचं?" वडवणीजवळ चारा छावणीची फीत कापली गेली, टाळ्या वाजत होत्या, तेवढ्यात यांनी विचारलं. पाहुणे इतके गोंधळले की कात्री खिशात घालूनच जीपमध्ये बसले.

दादाराव आमच्या संस्थेचे कार्यक्रम व्यवस्थापक. मी त्यांच्या हाताखाली अहवाल लिहायचो. दुष्काळाच्या त्या वर्षांत बीड जिल्ह्यात जेवढ्या संस्था उगवल्या, तेवढं गवत उगवलं असतं तर छावण्या लागल्याच नसत्या. प्रत्येकीला विस्तार हवा होता. मी अहवालात तो शब्द लिहिला की दादाराव खोडायचे. "कशापायी वाढवायचं? दवाखाना वाढला म्हंजी गाव बरं झालं का बे?"

त्यांना सगळ्यात आधी बंद करायचं होतं ते शिरूर कासारजवळच्या एका वाडीतलं आमचं वसतिगृह. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं सहा महिने तिथं राहायची. दादाराव एकटे; तेही तिथंच, मुलांच्या पंगतीत जेवायचे. "पोरानं आईच्या हातची भाकर खावी. ह्यो दगड थापतो," असं आचाऱ्यासमोरच म्हणायचे.

आईबाप थांबायचे तर गावात काम हवं. म्हणून त्यांनी वाडीतल्या बायकांची दूध सोसायटी उभी केली. चेअरमनसाठी खुर्ची मात्र घेऊ दिली नाही. "खुर्ची आली की बसायला मानूस येतो." वर्षं गेली. दर दसऱ्यानंतर तोडीला मजूर न्यायला मुकादमाचा ट्रक यायचा, दर वर्षी थोडा कमी भरायचा. शेवटी एकदा तो रिकामाच परतला.

दादारावांनी वसतिगृहाला स्वतः कुलूप लावलं. छोटासा समारंभ करू, असं मी सुचवलं.

"कुलपाला हार घालतो का बे?"

आठवड्याने अहवालावर त्यांची सही घ्यायला गेलो, तर दिवेलागणीला ते हातात वही घेऊन वाडीतल्या एका दारात उभे. आत सोसायटीची गंगूबाई भाकरी थापत होती.

"पोरं जेवली का?"

"जेवतेत की. कालबी इचारलं तुमी."

"तपासनी हाय."

"मंग आत येऊन तपासा भाऊ. ताट वाढते."

"न्हाई, मी जेवूनच आलोय."

वसतिगृहाची चूल तर आठवडाभर पेटली नव्हती. गंगूबाईची धाकटी लेक जेवता जेवता बाजूला सरकली आणि शेजारची जागा डाव्या हातानं झाडली.

दादारावांनी पायातल्या चपला काढल्या आणि वही माझ्याकडे दिली.

"तू हो म्होरं. मला हितं वखत लागंल."